माझ्या रकान्यातले शून्य

मित्रांनो, मी एक जुनी नोंद आहे. वहीतली नव्हे. जगभरचे भूशास्त्रज्ञ ज्यात डोकावतात, त्या प्राचीन दगडांच्या ऑनलाइन संग्रहातली. माझे वय एकवीस. तुम्ही म्हणाल, एकविसाव्या वर्षी कसले आले म्हातारपण? पण संगणकाच्या दुनियेत एकवीस वर्षांत कितीतरी पिढ्या उलटतात. मला हातपाय नाहीत, काळीज नाही. मला रकाने आहेत, चौतीस. त्यातल्या सतराव्या रकान्यात एक शून्य होते. त्या शून्याने काय करून ठेवले ते मला गेल्या महिन्यात कळले आणि तेव्हापासून मी सुन्न आहे. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

माझे घराणे दगडाचे. कझाकस्तानात इली नदीच्या काठी लाल दगडाचा एक कडा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो नुसता गाळ होता. त्या गाळात लोखंडाचे बारीक कण होते. गाळ खाली बसता बसता ते कण होकायंत्राच्या सुईसारखे तेव्हाच्या उत्तरेकडे वळले आणि तसेच थिजले. पुढे गाळाचा दगड झाला, जमीन सरकली, डोंगर उठले, पण कणांनी आपली दिशा सोडली नाही. म्हणून आजही त्या दगडाला विचारले तर तो सांगतो, की माझ्या लहानपणी उत्तर अमुक बाजूला होती. असे हजारो दगड बोलले की कुठली जमीन कुठून कुठे गेली, किती फिरली, हे शास्त्रज्ञांना कळते.

फक्त दगडाला विचारायची एक रीत आहे. तो कड्यातून काढण्याआधी त्याच्यावर एक बाण काढायचा आणि त्या बाणाचे टोक कुठल्या दिशेला आहे ते वहीत लिहायचे. ते लिहिले नाही, किंवा चुकीचे लिहिले, तर त्या दगडाची सगळी आठवण फुकट. मग तो दगड आणि पोत्यातला बटाटा यांत काही फरक उरत नाही.

एकोणीसशे बहात्तर साली त्या कड्यावर दामेत्केन नावाची चोवीस वर्षांची मुलगी चढली. ती केगेन गावची, मेंढपाळाची लेक. अल्माटीच्या एका संस्थेत दगडांचे नमुने गोळा करायच्या कामावर होती. तिचा हात इतका स्थिर होता म्हणे, की बाकीचे लोक एक बाण काढीपर्यंत तिचे तीन काढून व्हायचे. त्या दिवशी तिने सात दगडांवर बाण काढले आणि ती वहीत नोंदी करायला बसली तोच गारा सुरू झाल्या. तिने वहीवर वाकून, पाठीवर गारा झेलत, सातही ओळी लिहून पुऱ्या केल्या. त्यातली पेन्सिलीने लिहिलेली सातवी ओळ म्हणजे माझी आई.

दगड प्रयोगशाळेत गेले. तिथे त्यांना थोडे थोडे तापवून त्यांची आठवण वाचतात, आणि वाचता वाचता ती आठवण पुसली जाते. तसे ते सातही दगड वाचून झाले आणि कोरे झाले. दामेत्केनने स्वतः गणित केले. उत्तर आले ते साधेसुधे होते. तो जमिनीचा तुकडा जरासा कलला होता, एवढेच. संस्थेच्या पातळशा पत्रिकेत ते छापून आले आणि कुणी वाचले नाही. काही वर्षांनी धरणाचे पाणी चढत आले आणि तो कडा पाण्याखाली गेला. त्याचे या जगात उरले ते एवढेच: वहीतल्या सात ओळी आणि पत्रिकेतले अर्धे पान.

माझा जन्म झाला दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात. संस्थेच्या जुन्या वह्या ऑनलाइन संग्रहात भरायचे ठरले होते आणि त्या कामाला विद्यार्थी बसवले होते. तळघरात पंखा घरघरत होता. समोर एक वीस वर्षांची मुलगी होती. ती एका हाताने सूर्यफुलाच्या बिया सोलून खायची आणि दुसऱ्या हाताने टाइप करायची. त्या उन्हाळ्यात तिने चार हजार नोंदी भरल्या. तिने माझ्या आईकडे क्षणभर पाहिले, खटाखट बोटे चालवली आणि मी जन्मले. तिची दोन आद्याक्षरे माझ्या पाठीवर उमटली. पण स्वतःची पाठ कुणाला दिसते? आईची आणि माझी तेवढीच भेट. वही मिटून कपाटात गेली आणि मी जगभर पसरले.

संग्रहाच्या संगणकाने आमच्या सात बहिणींवरून गणित नव्याने केले. आणि मित्रांनो, उत्तर असे आले की भले भले थक्क झाले. आमच्या म्हणण्याप्रमाणे इलीकाठचा तो जमिनीचा तुकडा जरासा कललेला नव्हता. तो गर्रकन अर्धा फिरून उलट्या तोंडाने उभा होता! लांबलांबच्या विद्यापीठांतून लोक मला उघडून पाहू लागले. माझ्यावरून प्रबंध निघाले. एका मोठ्या नकाशावर आमच्या जागी एक गोल बाण छापला गेला. मी तर हरखून गेले. दिवसाकाठी चाळीस चाळीस माणसे दाराशी यायची. इतर नोंदी वर्षानुवर्षे कुणी न उघडता पडून असत, त्यांच्याकडे मी जरा नाक वर करूनच बघायची. आज ते आठवले की मेल्याहून मेल्यासारखे होते.

मग हळूहळू वारे फिरले. चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या एका कड्यावर नवे लोक गेले. त्यांच्या दगडांनी सांगितले की इथली जमीन काही फिरलीबिरली नाही. मग तिसऱ्या कड्यावर गेले. तिथेही तेच. आता मला उघडणारे लोक कपाळाला आठ्या घालू लागले. शेवटी संग्रहाच्या देखरेख मंडळाने ठरवले, की या सात नोंदींवर 'अविश्वसनीय' असा शिक्का मारायचा आणि शेजारी कारण लिहायचे: नमुने गोळा करणारीने दगडांवर बाण उलटे काढले. संग्राहकाच्या रकान्यात नाव होतेच, दामेत्केन. ते शिक्क्याच्या बरोबर खाली दिसणार होते, जगभर, कायमचे.

हे काम आले सांदुगाशकडे. संग्रहाच्या कझाक विभागाची ती मुख्य. एक्केचाळीस वर्षांची, चष्मेवाली, केस पांढरे व्हायला लागलेले. दोन लाख नोंदींची राखण तिच्याकडे होती आणि तिच्या विभागात चूक सापडत नाही असा तिचा लौकिक होता. शिक्का मारण्याआधी एक अर्ज भरायचा होता. त्यात एक प्रश्न होता: संग्राहक हयात आहे का? हो असेल तर त्या व्यक्तीची सही आणावी.

संस्थेचे प्रमुख सेरिकबाय आगाय, आगाय म्हणजे आमच्याकडचे 'सर', तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "अगं, 'नाही'वर टिचकी मार आणि मोकळी हो."

"आगाय, त्या जिवंत आहेत. केगेनला राहतात."

"बरं मग? म्हाताऱ्या बाईला तिची चूक दाखवायला एवढ्या लांब जाणार? नाही म्हटलेलंच तिला बरं."

"म्हणजे मी एका जिवंत माणसाला इथं बसल्या बसल्या मारून टाकू?"

"तुम्ही आजकालच्या बायका शब्दाला फार धरता बुवा," आगाय म्हणाले. "जा. पेट्रोल तुझं तू घाल."

मी हबकून गेले. एका टिचकीत माणूस मेला म्हणून लिहिता येते, हे मला माहीत नव्हते. आजवर कितीजणांना असे मारले असेल कोण जाणे.

सांदुगाशने कपाटातून जुनी वही शोधून काढली. शिक्का तर बसणारच, निदान वही तरी आठवण म्हणून त्यांची त्यांना द्यावी, असे तिच्या मनात आले. वही तिने रुमालात गुंडाळली, मला लॅपटॉपात घेतले आणि गाडी काढली.

केगेनला पोहोचलो तेव्हा दामेत्केन आपाय अंगणात होत्या. वडीलधाऱ्या बाईला आम्ही आपाय म्हणतो. फळीवर कुरुत वाळत घातले होते, म्हणजे दह्याचे आंबट गोळे, आणि त्या काठीने कावळे हाकलत होत्या. शहात्तर वर्षांच्या, पण ताठ.

"कोण गं तू?"

"मी सांदुगाश, आपाय. अल्माटीहून आले, संस्थेतून."

"संस्थेतून?" म्हाताऱ्या बाईने काठी खाली टेकली. "आता काय न्यायचं राहिलंय? हाडं? ये, आत ये. संस्थेची असलीस तरी पाहुणीच आहेस."

आमच्याकडे पाहुण्याला दुधाचा चहा अर्धा पियालाच देतात. संपला की पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा. पाहुण्याने बसावे म्हणूनच तो कमी ओततात. पियाला काठोकाठ भरला, तर समजायचे की हा प्या आणि निघा. आपायांनी पहिला पियाला अर्धा दिला. मग सांदुगाशने अडखळत, खाली बघत, शिक्क्याचे आणि सहीचे सांगितले. आपायांनी तिच्या हातातून पियाला घेतला आणि काठोकाठ भरून तिच्यापुढे ठेवला.

"सही ना? आण कागद. त्यात काय नवीन आहे? दोन हजार चारलाच मला बोलावून सांगितलं होतं, तुझं गणित आणि संगणकाचं गणित बरोब्बर उलटं येतंय. तू गणितात बाण उलटे धरलेस. मी म्हटलं, असेल बाबा. संगणक कशाला खोटं बोलेल? त्याच्या पाठीवर काय गारा पडत होत्या?"

"तेव्हा वही नाही बघितलीत?"

"कुणी दाखवली नाही, मीही मागितली नाही. मागायला तोंड कुठं होतं मला? खोलीत सहा माणसं बसली होती गं. सगळी माझ्या हाताकडं बघत होती." आपायांनी उजवा हात मांडीखाली सरकवला, जणू तो अजूनही कुणी बघत होते. "दरवर्षी उन्हाळ्यात मी पोरांना डोंगरात न्यायची, बाण काढायला शिकवायची. ते त्या सालापासून सोडलं. हाच हात उलटा निघाला म्हटल्यावर पोरांना काय शिकवायचं?"

सांदुगाश हळूच म्हणाली, "आपाय, त्या साली शिबिराच्या यादीत माझं नाव होतं. शिबिर रद्द झालं, एवढंच आम्हाला सांगितलं."

"शिबिर नाही, मी रद्द झाले," आपाय म्हणाल्या.

मित्रांनो, मी मिटलेल्या लॅपटॉपात हे ऐकत होते. मला वाटायचे, मी नकाशे घडवले, प्रबंध घडवले. माझ्यामुळे एक बाई वीस वर्षे स्वतःचा हात लपवून जगत होती, हे मला कुणी सांगितलेच नव्हते. मी काय बोलणार? मी तर त्यांची साक्षीदार म्हणून तिथे आले होते, आणि साक्ष त्यांच्याच विरुद्ध होती.

सही करायला आपायांनी चष्मा चढवला. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. पेन हातात घेतले आणि मध्येच थांबल्या. "कशावर सही करते ते तरी बघू दे. उघड ते यंत्र."

सांदुगाशने मला उघडले. आपाय माझ्या एकेका रकान्यावरून बोट फिरवत वाचू लागल्या. नदी बरोबर. साल बरोबर. दगड लाल, बरोबर. सतराव्या रकान्यावर बोट थांबले.

"बाणाची दिशा शून्य? शून्य म्हणजे तर थेट उत्तर. हे शून्य कुठून आलं?"

"तुमच्या वहीतूनच, आपाय."

"तो कडा दक्षिणेकडं उतरणारा, आणि बाण नेहमी उताराच्या बाजूला काढतात. त्यावर उत्तरेचा बाण मी कशाला काढू? आण वही."

सांदुगाशने रुमाल सोडला. वही माझ्याशेजारी ठेवली, आपायांनी पान उलटले, आणि एकवीस वर्षांनी मी माझ्या आईला पाहिले. फिकट झाली होती. एका कोपऱ्यावर गारेचे पाणी पडून कागद फुगलेला होता. पण अक्षर न् अक्षर स्वच्छ. आणि सतराव्या जागी एक गोल; वरच्या सहा ओळींतही तसाच.

"हेच की शून्य," सांदुगाश म्हणाली.

आपाय तिच्याकडे बघतच राहिल्या. "पोरी, तू कझाक आहेस की कझाकांची फक्त टोपी घालतेस? हे शून्य नाही. हे आपल्या लिपीतलं अक्षर आहे, गोल ओ. ऊठ. दारात जा. अगं उंबऱ्यावर नको उभी राहू! एक तर आत नाहीतर बाहेर. शहरात एवढंही शिकवत नाहीत? हां. आता सांग, आपला माणूस दिशा सांगताना तोंड कुठं करतो?"

सांदुगाशने खिशातला फोन काढला.

"ठेव तो! फोन जन्मायच्या आधीही दिशा होत्या. सूर्य उगवतो तिकडं तोंड कर. केलंस? आता उजवा हात पसर. उजव्याला आपण काय म्हणतो?"

"ओङ."

"आणि तुझा हात आत्ता दाखवतोय ती दिशा कुठली?"

"दक्षिण. ओङ-तुस्..." सांदुगाशचा शब्द अर्ध्यातच राहिला. हात तसाच हवेत राहिला.

"ओङतुस्तिक," आपायांनी शब्द पुरा केला. "उजवीकडची ती दक्षिण. तिचा ओ. बोटं बधिर झाली होती, दक्षिणेचे एकशे ऐंशी अंश लिहायला तीन आकडे लागतात, ओ लिहायला एक गोल. घाईत माणूस आईच्याच भाषेत लिहितो."

मित्रांनो, तुम्हाला हे कठीण वाटायचे कारण नाही. तुमच्या जुन्या भाषेतही उजव्या हाताला दक्षिण हस्तच म्हणतात. उगवतीकडे तोंड करून उभे राहणारे सगळेच तसे म्हणतात. पण मी त्या क्षणी गोठून गेले होते. माझ्या आईच्या पोटात दक्षिण होती आणि माझ्या पोटात उत्तर. एका गोलाने मी उलटी जन्मले होते! जमीन फिरली नव्हती. बाण उलटा नव्हता. गणित चुकले नव्हते. उलटी होते ती मी. नकाशावरचा तो गोल बाण, ते प्रबंध, ती चाळीस चाळीस माणसांची गर्दी, सगळे एका खोट्या शून्याभोवती नाचत होते.

आपाय खाली बसल्या. त्यांनी आपला उजवा हात समोर धरला, उलटा केला, सुलटा केला. आधी हसल्या. मग तोच हात तोंडावर धरून त्या रडल्या. एवढ्या ताठ बाईला असे रडताना पाहून सांदुगाशच्याही डोळ्यांना पाणी आले.

जरा वेळाने आपायांनी डोळे पुसले. "बघ तर, कुणी टाकलं हे शून्य? लिहिलेलं असेल ना तुमच्या यंत्रात?"

"असतं," सांदुगाश म्हणाली आणि तिने एक कळ दाबली. माझी पाठ पडद्यावर आली. तिच्या चष्म्याच्या काचेत मलाही ती पहिल्यांदाच दिसली. भरणाऱ्याची आद्याक्षरे: सां. आ. तारीख: जुलै, दोन हजार तीन.

सांदुगाश आबेनोवा. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ओळखले. चष्मा नव्हता तेव्हा, केस काळे होते, समोर बियांची टरफले पडलेली होती. तीच बोटे. मला जन्म देणारी तीच, आणि मला शिक्का मारायला निघालेलीही तीच. मला तर भोवळच आली.

तिने लॅपटॉप मिटला. अंधारात मला तिचा आवाज ऐकू आला. "इथं नीट दिसत नाही, आपाय. ऑफिसात शोधून सांगते."

खोटे होते ते. मी तिच्याच हातची, पण त्या क्षणी मला तिची लाज वाटली.

आपायांना त्याचे काही नव्हते. त्यांनी काठोकाठ भरलेला, निवलेला पियाला बाहेर रिता केला आणि नवा चहा ओतला, अर्धा पियाला. "बस गं आता. लगेच काय निघतेस? हे तळलेले बाऊरसाक खा. एवढ्या लांब येऊन तू माझा हात मला परत दिलास." त्या तिला पुन्हा पुन्हा वाढत राहिल्या. सांदुगाश बाऊरसाकाचे तुकडे करत बसली. निघताना आपायांनी पिशवीभर कुरुत दिले आणि तिच्या कपाळाचे चुंबन घेतले. अल्माटीपर्यंत गाडीत तिने गाणेही लावले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सेरिकबाय आगायांना सगळे सांगितले. आगाय खुर्चीतून उडालेच. "म्हणजे जमीन फिरलीच नाही? आणि तो नकाशा? अरे देवा! मी त्यावर भाषण दिलंय तीन देशांत!"

"नोंद बदलायला हवी, आगाय. आणि कारण लिहायला हवं."

आमच्या संग्रहाचा एक नियम आहे. जुनी नोंद कधी पुसत नाहीत. नवी, बरोबर नोंद तयार करतात आणि जुनीच्या अंगावर चूक का झाली ते लिहून तिला मागे ठेवतात. कुणालाही ती केव्हाही उघडून बघता येते. म्हणजे मला मरण नव्हते. फजिती मात्र कायमची होती.

आगाय सावरले आणि खुर्ची जवळ ओढून बसले. "हे बघ, कारण अगदी सोपं आहे. लिही: मूळ वहीतलं अक्षर अस्पष्ट. कुणाचं नाव नको, गाव नको."

"अक्षर स्पष्ट आहे. अस्पष्ट लिहिलं तर अर्धा दोष पुन्हा त्यांच्याच गळ्यात."

"अर्धाच ना? पूर्ण होता, तो अर्धा झाला. म्हातारी खूश होईल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "सांदुगाश, मी नोंद भरणाऱ्याची आद्याक्षरं बघितलीत. त्या उन्हाळ्यात तू चार हजार नोंदी भरल्यास. ही एक तुझ्या नावावर चढली की मंडळ बाकीच्या सगळ्या तपासायला लावेल. तुझ्या विभागात चूक नसते म्हणतात लोक. उद्या काय म्हणतील? विचार कर. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय."

ते गेले. सांदुगाशने मला उघडले. कारणाचा रकाना कोरा होता. तिने लिहिले: मूळ वहीतले अक्षर. पुढे लिहिणार तोच थांबली. तिने ते पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. मी जीव मुठीत धरून होते. मला मूठ नाही, पण त्या दिवशी असती तर तशीच धरली असती. शेवटी तिने चष्मा काढला, डोळे चोळले आणि एका दमात टाइप केले: "संग्राहकाने 'ओ', म्हणजे दक्षिण, असे स्पष्ट लिहिले होते. नोंद भरताना मी, सांदुगाश आबेनोवा, ते शून्य समजले. संग्राहकाचे बाण आणि गणित दोन्ही अचूक आहेत. मी भरलेल्या चार हजार नोंदी मूळ वह्यांशी ताडून पाहाव्यात." मग तिने कळ दाबली. शेजारी माझी नवी बहीण उमटली, सतराव्या रकान्यात एकशे ऐंशी घेऊन. मी राखाडी झाले, माझ्या सहाही बहिणी झाल्या.

मला वाटले, संपले. पण सांदुगाशने फोन उचलला.

"आपाय, नोंद बरोबर केली. तुमचं नाव आता स्वच्छ आहे."

"जगशील पोरी, जगशील!" पलीकडून आपायांचा आवाज खणखणीत आला. "शेजारणीला सांगितलं मी सकाळीच. आणि तो शून्य टाकणारा गाढव सापडला का?"

सांदुगाशने डोळे मिटले. "मीच टाकलं होतं, आपाय. माझ्या हातानं. काल तुमच्या घरातच मला कळलं होतं. तुमचा चहा पीत बसले आणि बोलले नाही."

पलीकडे किटली उकळत असल्याचा आवाज तेवढा येत होता.

"वीस वर्षं," आपाय म्हणाल्या. आवाज ओळखू येईना. "वीस वर्षं गं." आणि फोन ठेवला.

मित्रांनो, मला दुरुस्त करायला चार मिनिटे पुरली. नवा नकाशा निघेल, त्यावर तो गोल बाण नसेल. बाकीच्या चार हजारांतून आजवर आणखी दोन चुका निघाल्या आहेत, आणि लोक सांदुगाशबद्दल जे बोलायचे ते बोलत आहेत. ती ऐकून घेते आणि पुढची वही उघडते. मी राखाडी अक्षरांत पडून असते. माझ्या अंगावर चूक लिहिली आहे याची मला लाज वाटत नाही. हजारो शहाण्या माणसांनी मला उघडले, माझ्यावर इमले रचले, पण ती वही कुणी उघडली नाही आणि केगेनचा रस्ता कुणी धरला नाही, याचाच मला धक्का बसला आहे. अर्ध्या दिवसाचा तर रस्ता! म्हणून तुम्हाला विनवते. माझ्यासारखी एखादी नोंद तुमच्या हाती आली तर तिच्यावर एवढ्या पटकन विश्वास टाकू नका. आणि जिने ती लिहिली, तिच्यावरचा विश्वास एवढ्या पटकन काढून घेऊ नका. आधी जाऊन तिला विचारा.

दामेत्केन आपायांनी त्यानंतर सांदुगाशचा फोन उचललेला नाही. ती रोज जेवणाच्या सुट्टीत एकदा लावून बघते. पलीकडे घंटा वाजत राहते, आणि ती शेवटपर्यंत वाजू देते.